पाच हजार मिलिमीटरचा रेनकोट

"साहेब, पाणी ओततो. तुम्हीच बघा."

असं म्हणून दुकानदारानं रेनकोटची पाठ काउंटरवर पसरली, मधोमध दाबून तिची झोळी केली आणि स्वतःच्या पेल्यातलं पाणी त्यात ओतलं. पाणी पाऱ्यासारखं डुलत राहिलं. मग त्यानं माझा हात धरून झोळीच्या खाली नेला. "लागतंय ओलं?" नव्हतं लागत. ठाण्याच्या बाजारात जूनच्या पहिल्या आठवड्यात हा प्रयोग निदान पन्नास दुकानांत चालू असतो. मी तो दरवर्षी बघतो आणि दरवर्षी त्याच भाबडेपणानं हात खाली नेतो.

"पण पाऊस किती सोसेल हा?"

"पाच हजार एमएम," दुकानदार म्हणाला, आणि पुराव्यादाखल गळ्याशी लोंबणारा पुठ्ठा दाखवला. खरंच तसं छापलं होतं.

मी मनातल्या मनात हिशेब मांडला. आमच्याकडे सालाला सव्वादोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे हा रेनकोट दोन पावसाळे आरामात काढणार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. तसले पाच २६ जुलै अंगावर घेऊनही वर २८० मिलिमीटर शिल्लक राहतात. दुकानदारानं पंधराशे सांगितले, मी आठशे म्हणालो, अकराशेला सौदा तुटला. माझ्या हिशेबानं मिलिमीटरला बावीस पैसे पडले. एवढ्या स्वस्तात या शहरात काही मिळत नाही.

तिसऱ्याच दिवशी सर आली. स्कूटरवरून तीन हात नाक्यापर्यंत मी राजासारखा गेलो. पाऊस खांद्यावर ताशे वाजवत होता आणि आत मी कोरडा. सिग्नलला थांबल्यावर खाली बघितलं, तर मांडीवर एक छोटंसं तळं साचलेलं. बसल्यावर रेनकोटच्या पँटला तिथं खळगा पडतो. विचार केला, साचू दे, कापड पाच हजाराचं आहे. सिग्नल सुटेपर्यंत तळ्याची पातळी कमी झाली. बाहेर तर कुठं सांडलं नव्हतं. मग पाणी कुठं गेलं, हे कळायला मला पुढचा खड्डा लागला.

त्या जागेचं नाव चारचौघांत घेता येत नाही. पँटच्या चार शिवणी जिथं एकमेकींना भेटतात, तो चौक. शहरात काय नि पँटीत काय, पाणी चौकातच तुंबतं.

त्या दिवशी ऑफिसात मी कोणाकडेही पाठ केली नाही. केबिनमधून बाहेर पडतानासुद्धा मागं सरकत, किंचित वाकून निघालो. माझ्या मनात आदर वाढलाय, असा साहेबांचा समज झाला आणि त्यांनी तो आठवडाभर टिकवला.

आमच्या शेजारचे काका एका कापडगिरणीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. गिरणी गेली, तिथं आता मॉल आहे, पण काकांमधली प्रयोगशाळा अजून तीन पाळ्यांत चालू असते. माझा पावसाचा हिशेब ऐकून ते इतके हसले की काकू आतून पाणी घेऊन आल्या.

"अरे, पाच हजार म्हणजे पाऊस नव्हे! कापडाचा तुकडा यंत्रात आवळून धरतात आणि एका बाजूनं पाण्याचा दाब वाढवत नेतात. पाच मीटर उंच पाण्याचा खांब उभा केल्यावर जेवढा दाब पडेल, तेवढा त्यानं सोसला म्हणजे पाच हजार. आणि कापड नापास कधी, ठाऊक आहे? दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी थेंब उगवले की."

"म्हणजे पहिले दोन थेंब माफ?"

"माफ."

माझ्या चौकातून आलेले ते पहिले दोनच असावेत, असं मी स्वतःला समजावलं.

"पण काका, स्कूटरवर माझ्या अंगावर पाच मीटरचा खांब कोण उभा करणार?"

"तू. वजन किती तुझं? पंचाहत्तर धरू. मला बरं वाटावं म्हणून नको सांगूस, तुला बरं वाटावं म्हणून मी पंचाहत्तर धरतोय. बूड टेकतं ती जागा साधारण हजार चौरस सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पंचाहत्तर ग्रॅम. म्हणजेच पंचाहत्तर सेंटिमीटर उंच पाण्याचा खांब. ही झाली सरासरी. हाडं टेकतात तिथं याच्या कितीतरी पट. खाली सीट ओली, वर तू. चाचणीचं यंत्र आणखी वेगळं काय असतं?"

आयुष्यात मला पुष्कळ गोष्टी म्हटलं गेलंय, पण चाचणीचं यंत्र प्रथमच.

"आणि तरीही कापड टिकलं असेल बरं का," काका म्हणाले. "रेनकोट उलटा कर." केला. आतून सगळ्या शिवणींवर पारदर्शक पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. काकांचं बोट पट्टीवरून फिरत फिरत चौकापर्यंत गेलं आणि थांबलं. तिथं पट्टीचं टोक उचकटून वर आलं होतं, खरपुडी सुटावी तसं. खाली सुईची भोकं ओळीनं दिसत होती. "पाऊस कापडातून येत नाही. शिंप्यानं वाट करून दिलेली असते, तिथून येतो."

मला एकदम मागचा रेनकोट आठवला. त्याला खिसा नव्हता म्हणून कोपऱ्यावरच्या टेलरकडून हौसेनं लावून घेतला होता, चष्म्यासाठी. खिशाच्या तीन बाजू, प्रत्येकी पाच इंच, इंचाला दहा टाके. छातीवर मोजून दीडशे भोकं मी पैसे देऊन पाडून घेतली होती. त्या पावसाळ्यात चष्मा भिजला नाही हे खरं, कारण खिशातून झिरपलेलं सगळं पाणी बनियननं ओढून घेतलं.

टेलरला तरी काय बोल लावायचा? ही तक्रार दोनशे वर्षं जुनी आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशनं १८२३ साली पेटंट घेतलं, ते असं, की दगडी कोळशापासून गॅस करताना उरणाऱ्या डांबरातून नॅफ्था निघतो, त्यात रबर विरघळवायचं आणि ते दोन कापडांच्या मधे फासून सँडविच करायचं. कापड झालं झकास. मग ते शिंप्यांच्या हाती गेलं, आणि त्यांनी इतर कापडाला टोचतात तसंच यालाही टोचलं. गिऱ्हाइकं गळू लागली. शिवाय हे रबर उन्हात चिकट व्हायचं आणि थंडीत पुठ्ठा. लोकरीच्या कापडाला लावलं तर लोकरीतलं तेल रबराला खायचं. वास तर असा की मॅकिन्टॉशवाला खोलीत शिरण्याआधी त्याची वर्दी शिरायची. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला रबर आणि गंधक एकत्र तापवायची युक्ती सापडली, तेव्हा कुठं चिकटपणा गेला. वास राहिला. तो आमच्या शाळेपर्यंत आला.

माझ्या पिढीतल्या कोणालाही डोळे बांधून जून महिन्यात उभं करा आणि रबरी रेनकोट नाकाशी धरा. तो लगेच सांगेल, नवी वही, ओला पट्टीवाला बाक, आणि डब्यातली गवारीची भाजी. आमच्या वर्गात ज्यांच्या घरी बरं होतं, त्यांचे रेनकोट डकबॅकचे असत. १९२० पासून कोलकात्यात ते बनत आलेत आणि नाव ठेवलंय बदकाच्या पाठीवरून. बदक शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल चोचीनं पिसांना चोपडत बसतं. पिसांच्या बारीक तंतूंत हवा अडकते आणि पाणी वरच्यावर घरंगळतं. माझा रेनकोट मोठ्या भावाचा होता. त्याला कंपनी नव्हती, फक्त वारसा होता.

बदक राहू दे, आपल्याकडे अळू आहे. अळवाच्या पानावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचा थर. थेंब उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो, खाली हवा राहते, म्हणून तो पसरत नाही. गोटीसारखा गोल होतो आणि पान हललं की पळतो. जर्मनीत बॉनच्या विल्हेल्म बार्थलॉट यांनी कमळाच्या पानावर हेच बघून १९९७ साली निबंध लिहिला, आणि त्यातून पुढं तिकडं भिंतींना लावायचा रंग निघाला. पावसानं मळ धुऊन निघतो, भिंत आपोआप स्वच्छ. आपण शेकडो वर्षं परसात उभं राहून तेच पाणी बघत होतो. आपण त्यातून आयुष्य क्षणभंगुर असल्याचा निष्कर्ष काढला आणि राहिलेल्या पानांच्या वड्या केल्या. आपला निष्कर्ष चुकीचा आहे असं नाही, पण भिंती अजून काळ्या पडतात.

हे सगळं मी वाचलं त्याला कारण भाचा. तो सिअ‍ॅटलला असतो. माझ्या चौकाची कथा त्याच्या आईमार्फत तिकडं पोचली आणि डिसेंबरात येताना तो माझ्यासाठी एक जाकीट घेऊन आला. वजन पंचासारखं, किंमत विचारू नये अशी.

"मामा, यात घाम येत नाही. हे श्वास घेतं."

एवढ्या किमतीत त्यानं माझ्या वतीनं रांगेतही उभं राहायला हरकत नव्हती. पण मागची गोष्ट गमतीची आहे. नॉनस्टिक तव्याला जो लेप असतो ना, ज्याच्यामुळं धिरडं सुटून येतं, तो पदार्थ म्हणजे टेफ्लॉन. १९६९ साली बॉब गोर नावाचा माणूस त्याच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणून बघत होता आणि प्रत्येक कांडी तुटत होती. शेवटी वैतागून त्यानं एका कांडीला जोरात हिसका दिला. ती तुटली नाही, हातभर लांब झाली. त्या ताणलेल्या पदार्थाच्या पापुद्र्यात इंचभर जागेत अब्जावधी छिद्रं असतात. पाण्याच्या थेंबाहून प्रत्येक छिद्र हजारो पटींनी लहान, आणि वाफेच्या कणाहून शेकडो पटींनी मोठं. म्हणजे पाऊस आत येणार नाही आणि घामाची वाफ बाहेर जाईल. १९७६ पासून गोरटेक्स म्हणून हे बाजारात आहे. वैतागून हिसका दिल्यानं आमच्याकडेही बऱ्याच वस्तू लांब झाल्यात, पण पेटंट कोणी घेतलं नाही.

जुलैत मी ते जाकीट घालून निघालो. बाहेरचा एक थेंब आत आला नाही. आणि कापूरबावडी येईपर्यंत मी आतून असा निथळत होतो, की जाकीट काढलं असतं तर कोरडा झालो असतो.

काका पुन्हा हसले. (काकू आता पाणी आधीच आणून ठेवतात.) "वाफेला बाहेर जायला ओढ लागते. आत गरम दमट, बाहेर गार कोरडं, मग ती पळते. सिअ‍ॅटलला पळेल. आपल्याकडे बाहेर अठ्ठावीस अंश आणि हवेत नव्वद टक्के ओल. पळून जाणार कुठं?" मला ती वाफ दिसलीच. बिचारी छिद्रापर्यंत जाते, डोकं बाहेर काढून बघते, बाहेरही हेच आहे म्हणते, आणि परत येऊन माझ्या पाठीवर बसते.

पुढं ते जाकीट आमच्या हिनं मशीनला लावलं. घामाचा वास येतो म्हणून वर ते फुलांच्या वासाचं मऊपणाचं द्रावणही घातलं. जाकीट मऊ झालं, मोगऱ्यासारखं दरवळलं आणि पुढच्या पावसात गोणपाटासारखं पाणी प्यालं. अशा कापडाला बाहेरून आणखी एक थर असतो. थेंबाची गोटी करतो तो हा थर, अळवाचा चुलता. साबणाचा आणि त्या मऊपणाचा अंश त्याच्यावर बसला की पाणी पसरतं, बाहेरचं कापड भिजून जड होतं आणि आतली अब्जावधी छिद्रं ओल्या गोधडीखाली कोंडल्यासारखी होतात. भाच्यानं फोनवर उपाय सांगितला. साध्या पाण्यात दोनदा खळबळून काढ, वाळव, आणि मंद इस्त्री फिरव. ऊब मिळाली की तो थर पुन्हा जागा होतो म्हणे.

"अहो, रेनकोटला इस्त्री करताय?" ही म्हणाली. ऑफिसच्या शर्टाला जी मी आयुष्यात केली नाही, ती खिडकीशी उभा राहून रेनकोटला करत होतो आणि बाहेर धो धो पाऊस होता. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी नवऱ्याला बोलावून दाखवलं. जाकीट मात्र सुधारलं. थेंब पुन्हा गोल झाले. घाम होता तसाच.

अशा वेळी मला आबा आठवतात. गगनबावड्याकडं आमचं गाव. तिथं पाऊस चार महिने मुक्कामालाच येतो. आबांकडं रेनकोट नव्हता, घोंगडं होतं. काळं, खरखरीत, नव्यानं चिंचोक्याची खळ दिलेलं असलं की पुठ्ठ्यासारखं उभं राहणारं. त्याचं एक टोक दुमडून ते खोळ करायचे, टोक डोक्यावर, बाकीचं पाठीवरून खाली पोटऱ्यांपर्यंत. दोन्ही हात मोकळे, समोरून उघडं. त्याला गुंडी नाही, चेन नाही, आणि मुख्य म्हणजे चौकच नाही.

संध्याकाळी आबा शेतावरून आले की सोप्यात शिरण्याआधी उंबऱ्याबाहेर घोंगडं झटकायचे. आम्ही पोरं मुद्दाम त्या फवाऱ्यात उभी राहायचो. मग ते चुलीपुढं वाळत पडायचं. घरभर ओल्या मेंढरांचा वास, जणू आख्खा कळप वस्तीला आलाय. एकदा मी ते उचलायला गेलो आणि त्याच्यासकट खाली बसलो. पाणी पिऊन ते माझ्याएवढं जड झालं होतं.

"आबा, हे तर भिजतंय की!"

"कापाड भिजू दे रं," आबा म्हणाले. "आतला मानूस भिजला का सांग."

आता काका सांगतात त्यावरून कळतं, की लोकरीच्या तंतूला बाहेरून खवले असतात, त्यावर तेलकट पापुद्रा. त्यामुळं थेंब लगेच आत शिरत नाही. पण वाफ शिरते. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ओल पोटात ठेवते आणि तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय ओल पिताना ती थोडी ऊब सोडते. म्हणजे आबांच्या पाठीवरचं मेंढरू मेल्यावरही अंग गरम ठेवत होतं. आणि घाम? समोरून सगळं उघडं असल्यावर घामाला छिद्र शोधत हिंडायची गरजच नव्हती.

बायका भातलावणीला इरली घ्यायच्या. बांबूच्या कामट्यांची जाळी, आत पानं दाबून बसवलेली, डोक्यापासून कमरेखालपर्यंत होडी उपडी घातल्यासारखी. वाकलं की पाठीवर छप्पर. चिखलात दहा-बारा इरली ओळीनं सरकताना बघितली की कासवांची पंगत बसल्यासारखं दिसायचं. उभं राहून चालायला मात्र ती गैरसोयीची, वारा आला की बाई एकीकडं आणि इरलं एकीकडं. पुढं त्यात पानांऐवजी प्लास्टिकचा कागद आला, मग नुसता कागदच राहिला.

भिजून पाणी अडवणारी मंडळी आणखीही आहेत. जुन्या काळी, सुती कापडाची काळी छत्री उघडली की पहिली दोन मिनिटं आत बारीक तुषार उडायचे. मग सूत पाणी पिऊन फुगायचं, विणीतल्या फटी बुजायच्या आणि तुषार थांबायचे. ज्याला ही दोन मिनिटं दम धरवत नसे, तो छत्रीला शिव्या देत दुसऱ्याच्या छत्रीत घुसायचा. आताच्या तीन घड्यांच्या छत्रीला दम धरावा लागत नाही. ती दोन मिनिटांत उलटीच होते.

परवा घोडबंदर रोडला पुलाखाली थांबलो होतो. सर आली की आम्ही सगळे दुचाकीवाले पुलाखाली जमतो, मधमाश्यांसारखे. कोणी एका पायावर उड्या मारत रेनकोटच्या पँटीत बूट घालतोय, आणि तो मांडीशी अडकलाय. एक जण बायकोच्या ओढणीनं हेल्मेटची काच पुसतोय. सुरक्षारक्षकाच्या गणवेशातल्या एकानं सिमेंटच्या प्लास्टिक पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून डोक्यावर घेतलं होतं. अगदी आबांची खोळ. तो सगळ्यांत आधी तयार झाला आणि सायकलवरून निघूनही गेला. आमचा सगळ्यांचा जामानिमा पुरा होईस्तोवर पाऊस थांबला. लख्ख ऊन पडलं. पंधरा-वीस माणसं वॉटरप्रूफ होऊन उभी, आणि प्रत्येकाच्या गळपट्टीतून वाफ निघतेय, मोदकपात्राचं झाकण किलकिलं करावं तशी.

या जूनमध्ये पुन्हा त्याच दुकानात गेलो. दुकानदारानं ओळखलं.

"या साहेब! या वर्षी दहा हजारवाला आलाय."

त्यानं पाठ पसरली, झोळी केली, पेला उचलला.

"थांबा," मी म्हणालो. "झोळी नको. ते तुमचं स्टूल घ्या. त्याच्यावर पाणी ओता. वर हा रेनकोट पसरा, शिवण मधोमध येईल असा. आणि पाच मिनिटं बसा."

त्यानं स्टुलाकडं बघितलं. मग स्वतःच्या फिकट खाकी पँटीकडं बघितलं. मग पेल्यातलं पाणी शांतपणे पिऊन टाकलं.

"साहेब," तो म्हणाला, "छत्री दाखवू?"